स्लो होतं म्हणून नोंदच नको?

डेटाबेसच्या धंद्यात एक वाक्य इतक्या आत्मविश्वासानं फेकलं जातं, की त्यावर प्रश्न विचारणाराच अडाणी ठरतो: 'ऑडिट बंद ठेवा, ट्रिगर काढून टाका, सिस्टिम स्लो होते.' सॉफ्टवेअर पुरवणारा हे म्हणतो, सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, आणि सर्व्हर कुठला नि यूपीएस कुठला हे ज्याला दाखवून द्यावं लागतं असा साहेबही बैठकीत मान डोलावून तेच म्हणतो. त्यातून डेटाबेस क्लस्टरवर असला, म्हणजे दोन-तीन सर्व्हर मिळून एकच डेटाबेस चालवत असले, तर विषयच संपला. 'क्लस्टरवर ऑडिट? वेड लागलंय का?'

इथलं ऑडिट म्हणजे मार्चअखेरीला फायली मागवणारे लेखापरीक्षक नव्हेत. कोणता आकडा कोणी, केव्हा, कुठल्या मशीनवरून बदलला आणि बदलण्याआधी तो काय होता, याची आपोआप होणारी नोंद म्हणजे हे ऑडिट. ट्रिगर हे ती नोंद करायचं एक जुनं साधन. टेबलात ओळ पडली, बदलली किंवा पुसली गेली की डेटाबेस तो छोटासा प्रोग्राम स्वतःहून चालवतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही, आणि कोणी 'आजच्या दिवस राहू दे' म्हटलं तरी तो ऐकत नाही. काहींच्या डोळ्यांत तो खुपतो तो वेगामुळे की या न ऐकण्यामुळे, हे एकदा तपासून पाहायला हवं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात तरी हा वाद सर्व्हर रूमच्या काचेआड राहू शकत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात ऊस हेच मुख्य पीक. जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते, आणि 'काटामारी' हा शब्द इथे शाळकरी पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. काटामारी म्हटलं की सगळ्यांच्या नजरा काट्याकडे वळतात. वैधमापन शास्त्र विभाग काटा तपासून शिक्का मारतो. भरारी पथक आलं की वजन झालेली गाडी पुन्हा काट्यावर चढवतं, म्हणजे तपासणी काट्याचीच. पण काट्यानं दाखवलेला आकडा पुढे जातो कुठे? भरलेलं वजन, रिकामं वजन, बांधणीची वजावट, निव्वळ वजन, सभासद क्रमांक, गट नंबर, वाहतूकदाराचा कोड, या सगळ्यांची मिळून एका टेबलात एक ओळ होते. पावती त्या ओळीवरून छापली जाते, पंधरवड्याचं बिल तिच्यावरूनच निघतं आणि तोडणी-वाहतुकीचे पैसेही. काट्याला सील आहे, शिक्का आहे. त्या ओळीला काय आहे?

तिथे ट्रिगर बसवा म्हटलं, की तेच वाक्य ऐकू येतं. म्हणून एकदा हिशोबच करून टाकू. दिवसाला १०,००० टन गाळणारा मोठा कारखाना धरा. समोरच्या पक्षाला झुकतं माप म्हणून सरासरी खेप फक्त ५ टनांची माना, बैलगाड्याही त्यात आल्या. झाल्या २,००० खेपा. प्रत्येक खेपेमागे ऑडिटच्या १० ओळी लिहायच्या, एवढ्या लागतही नाहीत, तरी दिवसाला होतात २०,००० ओळी. दिवसात सेकंद असतात ८६,४००. म्हणजे चार सेकंद उलटून गेल्यावर एक ओळ. आजचा साधासा सर्व्हरही सेकंदाला अशा शेकडो ओळी सहज लिहितो, आणि काट्यावर ट्रॉली चढून उतरायलाच मिनिटभर जातं. या कामात 'परफॉर्मन्स'चं नाव काढणाऱ्याला नेमका कुणाचा परफॉर्मन्स अभिप्रेत आहे?

ठीक आहे, काटा हे छोटं उदाहरण झालं. उसाचे पैसे जिथे जमा होतात त्या बँकांकडे वळू. कोअर बँकिंगचा डेटाबेस बहुतेक ठिकाणी क्लस्टरवर किंवा निदान दुसऱ्या जागी चालू प्रत ठेवून चालवला जातो. तिथला भार खरा असतो. एफआरपीची, म्हणजे उसाच्या ठरवून दिलेल्या दराची, रक्कम वर्ग व्हायच्या दिवशी हजारो खात्यांत एकदम जमा नोंदी पडतात, वर एटीएम, वर यूपीआय. इथे ऑडिटला किंमत मोजावी लागते, हे कबूल. पण कबुली एवढीच. कारण पुढचं वाक्य 'म्हणून ऑडिट नको' असं येतं, आणि ते पहिल्यातून निघत नाही.

मुळात क्लस्टर स्वतः काय फुकट चालतो? ओरॅकलच्या रॅक (आरएसी) क्लस्टरमध्ये एका नोडला, म्हणजे एका सर्व्हरला, हवं असलेलं डेटाचं पान दुसऱ्या नोडच्या मेमरीत असेल तर ते नेटवर्कवरून मागवावं लागतं. मायएसक्यूएलच्या गॅलेरा क्लस्टरमध्ये प्रत्येक कमिट बाकीच्या नोडांपर्यंत पोचवून, त्याची कुणाशी टक्कर होत नाही ना हे ठरल्याशिवाय पुरा होत नाही. एकट्या मशीनपेक्षा हे सावकाशच असतं. ही किंमत लोक हसत मोजतात, कारण एक सर्व्हर बसला तरी काम थांबत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शिरोळकराला दुसरी प्रत दुसऱ्या जागी का हवी, हे सांगायची गरज नाही. तेव्हा उपलब्धतेसाठी वेग खर्चायला हरकत नाही, पुराव्यासाठी मात्र एक मिलिसेकंदही जड, असा हा व्यवहार आहे. सर्व्हर बंद पडला तर साहेबाला फोन येतो. नोंद गायब असली तर फोन करायला कुणाला कळतच नाही. दोन खर्चांमधला फरक बहुधा एवढाच असावा.

आता 'क्लस्टरवर ऑडिट टाकलं आणि सगळं गुडघ्यावर आलं' ही जी कहाणी प्रत्येक डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, असते, ती जवळून उघडून पाहू. कहाणी सहसा खरी असते. खोटा असतो तो आरोपी.

दृश्य नेहमीचं: ऑडिटचं एकच टेबल. त्याला क्रमांक देणारा एक सिक्वेन्स आणि त्या क्रमांकावर प्रायमरी कीचा इंडेक्स. क्रमांक वाढतच जातात, त्यामुळे प्रत्येक नवी नोंद इंडेक्सच्या उजव्या टोकाच्या एकाच पानावर येऊन पडते. एकाच मशीनवर हे निभून जातं. दोन नोडांवर दोन्हीकडचे शेकडो सेशन त्याच एका पानासाठी भांडू लागतात, आणि ते पान दर क्षणी या नोडवरून त्या नोडवर फेऱ्या मारतं. कोण कशासाठी थांबलंय हे दाखवणाऱ्या वेटच्या यादीत 'जीसी बफर बिझी' सगळ्यांच्या वर चढतो. त्यात ओरॅकलचा सिक्वेन्स काही न सांगता बनवला तर एका वेळी २० च क्रमांक मेमरीत घेतो, ते संपले की पुन्हा डिक्शनरीकडे धाव. आणि कोणीतरी हट्टानं 'क्रमांक काटेकोर क्रमानंच हवेत' म्हणून ऑर्डरचा पर्याय लावून ठेवलेला असेल, तर प्रत्येक क्रमांकासाठी दोन्ही नोडांनी एकमेकांना विचारायचं. एवढं सगळं झाल्यावर निदान काय? 'ट्रिगरमुळे स्लो झालं.'

यात ट्रिगरचा दोष कुठे आहे? सिक्वेन्सची कॅश काही हजारांवर न्या, ऑर्डर काढा, इंडेक्सचे हॅशनं भाग पाडा किंवा कीच्या सुरुवातीला नोडचा क्रमांक घाला, म्हणजे प्रत्येक नोड आपापल्या पानावर लिहील. ऑडिटच्या नोंदी सलग क्रमाच्या असाव्यात असा कोणताही कायदा नाही. वेळ आणि नोडचा क्रमांक नोंदला, सगळ्या नोडांची घड्याळं जुळवून ठेवली, की क्रम लावता येतो. सलग क्रमांकांचा हा हट्ट बहुधा पावतीपुस्तकातून आलेला आहे. त्याची किंमत मोजतो क्लस्टर, आणि बोल लागतो ट्रिगरला.

ट्रिगरच्या आत काय कोंबलेलं असतं तेही पाहण्यासारखं असतं. नोंद लिहिण्यासाठी बसवलेल्या ट्रिगरात कोणी शाखेचं नाव शोधायला तीन टेबलं जोडतो, कोणी एसएमएस पाठवतो, कोणी बाहेरची वेबसेवा बोलावतो. ती सेवा उत्तर देईपर्यंत ओळीवरचं लॉक सुटत नाही, आणि मागे रांग लागते. मग ओळीगणिक चालणारा ट्रिगर आणि विधानागणिक चालणारा ट्रिगर यांतला फरक. एका अपडेटनं २०,००० खाती बदलली तर पहिला २०,००० वेळा चालतो, दुसरा एकदाच. विधानागणिक चालणाऱ्या ट्रिगरला बदललेल्या सगळ्या ओळी एकगठ्ठा पाहता येतील अशी सोय पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. ओरॅकलच्या कंपाउंड ट्रिगरमध्ये ओळी गोळा करून शेवटी एका दमात लिहिता येतात, तेही ११ जीपासून. या सोयी वापरून पाहिल्यात का, असं विचारलं तर बहुतेक बैठकांत शांतता पसरते, आणि मग कोणीतरी चहा मागवतो.

डिस्क भरते, हीही तक्रार. भरेलच, साफ केली नाही तर. ओरॅकलच्या जुन्या पद्धतीत ऑडिटचं टेबल मुळात 'सिस्टिम' नावाच्या टेबलस्पेसमध्येच असतं. ते तिथेच पाच वर्षं फुगू द्यायचं आणि एके दिवशी डेटाबेस अडला की ऑडिटच्या नावानं खडे फोडायचे! ते टेबल हलवायची, ठरावीक मुदतीनं जुन्या नोंदी बाहेर काढून साठवायची साधनं ओरॅकलनंच दिलेली आहेत. २०१३ च्या १२ सी आवृत्तीपासून युनिफाइड ऑडिटिंग आलं, त्यात कशाची नोंद करायची आणि कशाची नाही याचं धोरण लिहिता येतं. सगळ्या टेबलांवरच्या सगळ्या वाचनांची नोंद करायला कोणीही सांगितलेलं नाही. वजनाचा, शिलकेचा, मालकीचा आकडा बदलला तर नोंद हवी. साहेबानं सकाळी रिपोर्ट उघडून पाहिला, त्याची प्रत्येक वेळी नको.

गॅलेराचे नखरे वेगळे, पण तर्क तोच. तिथे ट्रिगर ज्या नोडवर बदल झाला तिथेच चालतो, आणि त्यानं लिहिलेल्या ऑडिटच्या ओळी मूळ बदलाच्या गठ्ठ्यातूनच बाकीच्या नोडांकडे जातात. गठ्ठा जाड होतो, हे खरं. ऑडिटच्या टेबलाला प्रायमरी की नसेल तर जुन्या ओळी पुसतानाच अडचण येते, हेही खरं. यातली कुठली अडचण नोंद बंद केल्याशिवाय सुटत नाही? टेबलाला की लावायला किती वेळ लागतो?

जरा हुशार विरोधक इथे वेगळा पवित्रा घेतो. म्हणतो, ट्रिगर कशाला, डेटाबेसचा स्वतःचा लॉग असतोच की. रिडो लॉग, बायनरी लॉग, सगळे बदल त्यात लिहिलेलेच असतात, लागेल तेव्हा काढू. हा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि जास्त भाराच्या टेबलांसाठी लॉग वाचून बदल टिपण्याची पद्धत ट्रिगरपेक्षा सरस आहे. मूळ व्यवहाराला थांबावं लागत नाही, नोंद मागाहून दुसऱ्या मशीनवर तयार होते. मग ती बसवा! अडचण ही, की 'लॉग असतोच की' म्हणणारा ती बसवतही नाही. त्याचा लॉग चार दिवसांनी पुसला जातो. शिवाय बहुतेक प्रणालींत सगळे कारकून, सगळे कॅशियर, सगळे काटेवाले एकाच डेटाबेस खात्यानं आत येतात. ॲप्लिकेशन सर्व्हर एक नाव घेऊन कनेक्शन उघडतो आणि सगळे त्यातूनच काम करतात. लॉगमध्ये दिसतं ते त्या एकाच खात्याचं नाव. खुर्चीवर कोण बसलं होतं, हे ॲप्लिकेशननं प्रत्येक वेळी डेटाबेसला कळवलं तरच कळतं. ती सोय आहे, ओरॅकलमध्ये क्लायंट आयडेंटिफायर म्हणून वर्षानुवर्षं आहे. ती वापरायला किती खर्च येतो? एका ओळीचा कोड.

मग उरतो हुकमी एक्का: 'आमचं ॲप्लिकेशनच ऑडिट ठेवतं.' स्क्रीनवरून केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद होते, हे छान आहे. पण ज्याला लपवून बदलायचं आहे तो स्क्रीनवर येईलच कशाला? तो मागच्या दारानं थेट डेटाबेसमध्ये शिरेल आणि एक अपडेट मारेल. ॲप्लिकेशनला त्याचा पत्ताही लागणार नाही.

सरकारची याबाबत कागदोपत्री भूमिका घेऊन झाली आहे. कंपनी कायद्याखालच्या लेखे नियमांत २०२१ साली बदल झाला. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, तारखेसह, आणि बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल असलाच पाहिजे. दोनदा मुदतवाढ देऊन हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. म्हणजे तयारीला दोन वर्षं मिळाली. त्यानंतर लेखापरीक्षकांना आपल्या अहवालात याबद्दल स्वतंत्र शेरा द्यावा लागू लागला, आणि २०२३-२४ च्या अहवालांत कितीतरी नामांकित कंपन्यांबाबत एकाच धाटणीचा शेरा दिसू लागला. थेट होणारे बदल टिपण्यासाठी डेटाबेसच्या पातळीवर ऑडिट ट्रेल सुरू नव्हता. काहींनी कारणही नोंदवलं: डिस्कवर जागा जाते आणि डेटाबेसच्या वेगावर परिणाम होतो. कायदा म्हणतो बंद करता येणार नाही, कंपनी म्हणते परवडत नाही, आणि दोन्ही एकाच छापील अहवालात सुखानं नांदतात. मोजमाप करून किती टक्के वेग गेला, हे त्या शेऱ्यांत लिहिलेलं नसतं. बहुधा कोणी विचारलेलंच नसतं.

शिरोळ तालुक्याच्या दृष्टीनं या नियमात आणखी एक गंमत आहे. तो कंपन्यांना लागू आहे. टाकळीवाडीचा गुरुदत्त खासगी, म्हणून कंपनी कायद्याखाली. शिरोळचा श्री दत्त सहकारी, म्हणून या नियमाबाहेर. दोघांपैकी कोणाच्याही कारभारावर बोट ठेवायचा इथे हेतू नाही. पण बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांतला ऊस दोन कारखान्यांना गेला, तर एका वजनाच्या हिशोबामागे बदलांची नोंद कायद्यानं हवी आणि दुसऱ्यामागे ती संस्थेच्या मर्जीवर, हे कोणत्या तर्कात बसतं? सहकारात सभासद मालक असतो म्हणतात. मग मालकाला स्वतःच्या वजनाचा इतिहास पाहायचा हक्क कंपनीच्या भागधारकापेक्षा कमी असावा का?

नोंद नसली की काय होतं, याचं उत्तर ब्रिटननं फार महागात शिकून ठेवलं आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. तिच्या हिशोबात तूट दिसली म्हणून गावोगावच्या शाखा चालवणाऱ्यांवर खटले भरले गेले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचं घरदार विकलं गेलं. आमच्या खात्यात आमच्या नकळत कोणीतरी बदल करतंय, असं ते सांगत होते. तसं होणं शक्यच नाही, असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं ठासून सांगत राहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती फ्रेझर यांच्या निकालानं हा दावा मोडीत निघाला. प्रणाली सांभाळणाऱ्या फुजित्सूच्या लोकांना दूरवरून शाखांच्या हिशोबात शिरता येत होतं. त्या सुनावणीत पुढे आलेला एक तपशील तर प्रत्येक डीबीएनं टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. विशेष अधिकार असलेल्या त्या खात्यांची नोंद होत होती, पण २०१५ पर्यंत त्या नोंदीत फक्त लॉग-इन आणि लॉग-आउट होतं. आत जाऊन त्यांनी काय केलं, ते कुठेच नव्हतं. २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ते लॉग हलके आणि वेगवान होते, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

घरचं उदाहरण द्यायचं तर पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण लगेच पुढे केलं जातं, आणि तेही उलट बाजूनं. २०१८ साली उघड झालेल्या त्या घोटाळ्यात हमीपत्रं स्विफ्टवरून गेली, कोअर बँकिंगमध्ये नोंदलीच गेली नव्हती. 'बघा, तुमच्या ट्रिगरनं काय पकडलं असतं?' काहीच नाही. जी ओळ लिहिलीच गेली नाही तिच्यावर ट्रिगर चालत नाही. पण यातून निष्पन्न काय होतं? दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्या हव्यात, एकीत झालेला व्यवहार दुसरीत आपोआप उमटला पाहिजे. हे आपोआप उमटणं म्हणजेच तर ज्याला विरोध चालला आहे ते!

महाराष्ट्राच्या महसूल खात्याला हे डेटाबेसचा शोध लागण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. सातबारा ही आजची स्थिती. ती बदलली कशी, हे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. खरेदीखत नोंदलं की तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार धरतो, नमुना ९ ची नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव लागतं. जुनं नाव पुसत नाहीत, पूर्वी ते कंसात टाकत, आता त्यावर आडवी रेष मारतात, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. पंधरा दिवस थांबायचं, मिलिसेकंद नव्हे. ई-फेरफार आल्यावर हे संपलं नाही, उलट पक्कं झालं. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची सूचना संगणकावरून थेट फेरफाराकडे जाते. सर्व्हर डाऊन म्हणून तलाठ्यापासून खातेदारापर्यंत सगळ्यांनी शिव्या घातल्या, अजून घालतात. पण सर्व्हर स्लो आहे म्हणून आजपासून फेरफार न धरता थेट सातबारा बदलू या, असं म्हणायची छाती कोणाची झाली नाही. असं कोणी म्हणालाच, तर त्याच्या हेतूबद्दल गावच्या पारावर काय बोललं जाईल, हे सांगायला नको. सर्व्हर रूममध्ये तेच वाक्य तज्ज्ञांचं मत म्हणून कसं खपतं?

'म्हणजे तुमचा डीबीएवर विश्वास नाही,' असं दुखावल्या सुरात विचारलं जातं. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, म्हणून रोखपालानं कधी राजीनामा दिल्याचं ऐकिवात नाही. उलट एखाद्या रात्री आकडा बदलला आणि सगळ्या बोटांनी डीबीएकडे दाखवलं, तर त्याला वाचवणारी एकच गोष्ट असते: त्याच्या हाताबाहेर ठेवलेली नोंद. ती त्याच्याच हातात असेल तर तिचा ना त्याला उपयोग, ना संस्थेला. म्हणून ऑडिटच्या नोंदी मूळ क्लस्टरवरून लगोलग दुसरीकडे, दुसऱ्याच्या ताब्यात जायला हव्यात. केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं, सर्ट-इननं, एप्रिल २०२२ च्या निर्देशांत प्रणालींचे लॉग १८० दिवस देशातच सांभाळायला सांगितले आहेत.

ट्रिगरभक्तांनीही फार खूश होऊ नये. ट्रंकेट मारून अख्खं टेबल रिकामं केलं तर डिलीटचा ट्रिगर चालत नाही. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीच्या साखळीनं ओळी पुसल्या गेल्या तरी चालत नाही. आणि ज्याच्याकडे अधिकार आहे तो ट्रिगरच बंद करून, काम उरकून, पुन्हा चालू करू शकतो. म्हणून ट्रिगरच्या जोडीला डेटाबेसचं स्वतःचं ऑडिट लागतं: ट्रिगर कोणी बंद केला, टेबल कोणी रिकामं केलं, अधिकार कोणी कोणाला दिले, यांची नोंद. अशा घटना महिन्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घडतात. यानं क्लस्टर स्लो होतो असं म्हणणाऱ्याच्या संस्थेत या घटना किती वेळा घडतात, हे आधी तपासायला हवं.

मोजून पाहणं अवघड नाही. चाचणीच्या क्लस्टरवर हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा भार टाका, एकदा ऑडिटसह, एकदा ऑडिटविना, आणि दोन्ही आकडे संचालक मंडळापुढे ठेवा. फरक नगण्य निघाला तर वाद मिटला. मोठा निघाला तर कुठल्या इंडेक्सवर, कुठल्या सिक्वेन्सवर, कुठल्या ट्रिगरातल्या कुठल्या ओळीवर तो जातो, हे वेटच्या यादीत लिहिलेलं असतं. 'स्लो होतं' या दोन शब्दांवर मात्र यापुढे कोणत्याही कारखान्यानं, बँकेनं, सरकारी कचेरीनं नोंद बंद ठेवू नये. आकडा नसलेली तक्रार निविदेत, इतिवृत्तात, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात, कुठेच मान्य होता कामा नये.

शिरोळच्या ऊस उत्पादकानं मागायचं ते याहून सोपं आहे. वजनाच्या पावतीवर सध्या भरलेलं, रिकामं आणि निव्वळ वजन छापतात. पंधरवड्याच्या बिलावर खेपांची यादी असते. त्या यादीत प्रत्येक खेपेपुढे एक रकाना वाढवा: वजन नोंदल्यानंतर या ओळीत किती वेळा बदल झाला, आणि झाला असेल तर आधीचा आकडा काय होता. ऑडिटच्या टेबलात खेपेच्या क्रमांकावर इंडेक्स असेल तर ही माहिती काढणारी क्वेरी बिल छापताना एकदाच चालते, तीही मध्यरात्री, काट्यावरच्या कामाला धक्का न लावता. बहुतेक खेपांपुढे शून्य येईल. जिथे येणार नाही, तिथल्या खेपेचं कारण वार्षिक सभेत नाव घेऊन विचारता येईल.